दगडावरील नांवें आणि विद्यापीठाचें देणें

इमारत कोणी बांधली असें विचारलें म्हणजे पैसा देणाराचें नांव सांगावयाचें, अशी जगाची रीत पडून गेली आहे. ज्यानें माती तुडविली, विटा भाजल्या, डोक्यावरून पाट्या वाहिल्या, आणि इमारत उभी राहिल्यावर तींत राहणाऱ्यांचें पाणी भरलें व उष्टें काढलें, त्याचें नांव विचारण्याची कोणास आठवण होत नाहीं. आणि आठवण झालीच, तर सांगणारा सांपडत नाहीं. धर्मशाळा असो, शाळा असो, कीं मोठें विद्यापीठ असो, दारावरच्या संगमरवरी पाटीवर एकाच बाजूचा जमाखर्च लिहिलेला असतो. दुसऱ्या बाजूचा जमाखर्चहि दगडांत कोरून ठेवण्याचें काम अमेरिकेंतील एका विद्यापीठानें अलीकडे केलें आहे, आणि त्याची हकीकत आमच्या वाचकांनीं मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं तेथील गुलामांना दास्यांतून सोडविलें, त्यांना अर्पण केला. त्या सुटलेल्या माणसांचें आणि त्यांच्या लेंकरांचें पुढें काय झालें, याची विचारपूस करणें हें त्या अर्पणपत्रिकेशीं इमान राखणाऱ्या प्रत्येकाचें काम आहे.

व्हर्जिनिया राज्यांत शार्लट्सव्हिल गांवीं व्हर्जिनिया विद्यापीठ आहे. थॉमस जेफर्सन यांनीं तें १८१९ सालीं स्थापन केलें व १८२५ सालीं तेथें शिकवणी सुरू झाली. हे जेफर्सन म्हणजे तेच, ज्यांनीं १७७६ सालीं सर्व माणसें समान जन्मास आलीं असा जाहीरनामा लिहिला. आणि तेच, ज्यांनीं उभ्या आयुष्यांत सहाशेंहून अधिक माणसें दास म्हणून आपल्या मालकींत ठेविलीं. त्यांनीं आखलेल्या विद्यापीठाची घुमटाची इमारत, जिला तेथें रोटंडा म्हणतात, ती आणि तिच्या पुढच्या हिरवळीभोवतींचीं घरें पाहावयास आज देशोदेशींचे लोक जातात व आंखणाराची तारीफ करतात. पण ती टेकडी सपाट कोणी केली? विटांसाठीं माती कोणी मळली? लांकडें कोणी फोडलीं, धुणें कोणी धुतलें, विद्यार्थ्यांच्या खोल्या कोणी झाडल्या? हें सारें दासांनीं केलें. कांहीं दास विद्यापीठाच्या मालकीचे, कांहीं प्राध्यापकांचे व खाणावळवाल्यांचे, आणि पुष्कळसे गांवच्या मालकांकडून भाड्यानें आणलेले, जसे आपण बैल भाड्यानें आणतों तसे. १८१७ पासून १८६५ पर्यंत अशीं चार ते पांच हजार माणसें त्या आवारांत राबलीं, असा विद्यापीठाच्या संशोधकांचाच अंदाज आहे.

राबणें एकवेळ सोडा. सरदारांच्या व मळेवाल्यांच्या त्या मुलांच्या हातचा मारहि या लोकांना खावा लागे. १८५६ सालीं एका विद्यार्थ्यानें एका लहान दास मुलीला बेशुद्ध होईपर्यंत मारलें, आणि जाब विचारला तेव्हां गोऱ्या माणसाचा तो हक्कच आहे असें समर्थन केलें. याहून अधिक बोचणारी गोष्ट म्हणजे विद्येची. ज्या आवारांत ग्रीक व लॅटिन शिकविली जात होती, त्याच राज्यानें १८३१ सालीं कायदा करून काळ्या लोकांना लिहावाचावयास शिकविण्यासाठीं भरणाऱ्या सभा व वर्ग बंद पाडले. ग्रंथालयाच्या विटा ज्यानें रचल्या त्याला ग्रंथाचें एक अक्षर वाचतां येतां कामा नये, अशी ती तजवीज होती. अक्षराची बंदी म्हणजे काय हें आमच्या वाचकांना फोड करून सांगणें नलगे.

१८६५ सालीं दास्य संपलें, परंतु विद्यापीठाचें दार उघडलें नाहीं. पहिला काळा विद्यार्थी त्या दारांतून आंत गेला तो १९५० सालीं. ग्रेगरी स्वॉन्सन त्याचें नांव. तोहि कोर्टांत दावा जिंकून कायद्याच्या वर्गांत गेला. १८२५ पासून १९५० पर्यंत सव्वाशें वर्षें होतात. ज्यांनीं घर बांधलें त्यांच्या पांच पिढ्या घराबाहेर उभ्या राहिल्या. आतां यावर कोणी म्हणेल कीं, आज दार उघडें आहे, मग झालें गेलें विसरून जावें. त्या म्हणणाराला आमचा सवाल असा कीं, विसरावें कोणी? ज्याचें देणें आहे त्यानें विसरलेलें सावकारी वहींत चालतें काय?

येथें न्यायाचा प्रश्न उभा राहतो. न्याय म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कोर्ट, आरोपी, साक्षीदार व शिक्षा हीं येतात. परंतु ज्या गुन्ह्यांतला मारणाराहि मेला आणि मार खाणाराहि मेला, त्याचा खटला कोणत्या कोर्टांत चालवावा? अशा वेळीं शिक्षेचा न्याय लुळा पडतो, आणि दुसऱ्या एका न्यायाची गरज लागते. त्याला आम्ही भरपाईचा न्याय म्हणतों. कोणतें कलम मोडलें व शिक्षा किती, हें तो आधीं विचारीत नाहीं. नुकसान कोणाचें झालें, त्यांची आज गरज काय, आणि ती भागविण्याची जबाबदारी कोणावर, या तीन गोष्टी तो विचारतो. शेतकऱ्याला हा न्याय परका नाहीं. एकानें शेजाऱ्याचा बांध कोरला, तर कोरणाराला तुरुंगांत घातल्यानें शेजाऱ्याची जमीन परत येत नाहीं. बांध पूर्वीच्या जागीं घालावा लागतो. तोहि चार माणसांदेखत, आणि ज्याची जमीन गेली त्याला तेथें उभा करून. कोरणाराच्या मुलानें पुढें म्हटलें कीं, बांध बापानें कोरला, मीं नव्हे, तर पंच त्याला एवढेंच सांगतील कीं, बाबा, बाप गेला, पण जमीन तुझ्या ताब्यांत आहे. विद्यापीठाची गोष्ट अगदीं अशीच आहे. प्राध्यापक मरतात, विद्यार्थी मरतात, संस्था मरत नाहीं. इमारती, जमीन, ठेवी व नांवलौकिक हीं तिनें वारशानें घेतलीं, मग त्यावरचा बोजा तेवढा वारशानें येत नाहीं असें म्हणणें लबाडीचें आहे.

आतां त्या विद्यापीठानें काय केलें तें पाहूं. २००७ सालीं त्याच्या चालकांनीं दास ठेवल्याबद्दल खेद झाल्याचा ठराव केला, आणि त्याच सालीं रोटंडाजवळच्या वाटेवरील फरशींत एक लहानशी पाटी बसविली. जेफर्सन यांचा आराखडा ज्यांच्या श्रमानें उभा राहिला अशा कित्येक शें स्वतंत्र व दास स्त्रीपुरुषांचा तींत गौरव होता. पण त्यांत एकाहि माणसाचें नांव नव्हतें. १८२६ नंतरच्या चाळीस वर्षांचा उल्लेख नव्हता. आणि पाटी होती कोठें, तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखालीं. जन्मभर ज्यांना तुडविलें त्यांचें स्मारकहि तुडविण्याच्या जागीं! ही उणीव कोणा मोठ्या अधिकाऱ्याला दिसली नाहीं, ती विद्यार्थ्यांना दिसली. २०१० च्या सुमारास विद्यार्थ्यांनींच खरें स्मारक व्हावें म्हणून चळवळ मांडली व पुढें नमुन्यांची स्पर्धाहि भरविली. २०१२ सालीं विद्यापीठाच्या स्मशानभूमीलगत जमीन तपासतांना निनांवी अशा ६७ थडग्यांच्या खुणा आढळल्या. गोऱ्या प्राध्यापकांच्या कबरींवर लेख आणि कुंपण. या कबरींवर गवत. २०१३ सालीं विद्यापीठानें आपल्या दास्याच्या इतिहासाचा तपास करण्यासाठीं आयोग नेमला. आयोगानें जुने हिशेब, पत्रें व भाड्याच्या पावत्या चाळून नांवें काढण्यास आरंभ केला. ज्या वह्या माणसाला माल म्हणून मोजण्यासाठीं लिहिल्या गेल्या, त्याच वह्या शेवटीं मालकाविरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या.

स्मारकाचा नमुना ठरविण्यापूर्वीं नमुनाकारांनीं गांवांत जाऊन काळ्या वस्तीशीं, मंदिरांशीं व दासांच्या वंशजांशीं सभा केल्या. तुम्हांस काय पाहिजे, काय नको, असें विचारलें. दासांना सांखळींत दाखवूं नका, त्यांना माणसें म्हणून दाखवा, आणि विद्यापीठाच्या पोटांत दडवून न ठेवतां गांवाच्या तोंडासमोर उभें करा, अशा तऱ्हेचीं मतें पुढें आलीं. या विचारविनिमयांतून जें निघालें तें २०२० सालीं बांधून पुरें झालें. महामारीमुळें अर्पणसमारंभ लांबला व तो २०२१ च्या एप्रिलांत झाला.

स्मारक म्हणजे घोड्यावर बसलेला वीर नव्हे. तें काळ्या ग्रॅनाइटचें मोठें कडें आहे, सुमारें ऐशीं फूट रुंद, रोटंडाच्या घुमटाच्या मापाचें. आणि तें पुरतें मिटलेलें नाहीं, एका बाजूस उघडें आहे, तुटलेल्या बेडीसारखें. आंतल्या भिंतीवर चार हजार आडव्या खांचा कोरल्या आहेत, एकेका माणसाची एकेक. त्यांपैकीं जीं नांवें स्मारक उभारतेवेळीं हातीं लागलीं होतीं, तीं ५७८ नांवें खांचांवर कोरलीं आहेत. आणखी ३११ जणांचें नांव सांपडलें नाहीं, पण धंदा किंवा नातें सांपडलें. तेवढेंच कोरलें आहे. कोणी सुतार, कोणी स्वयंपाकीण, कोणी आई, कोणी आजी. बाकीच्या तीन हजारांवर खांचा मोकळ्याच आहेत. नांव सांपडेल तसें तेथें कोरतां यावें अशी सोय ठेविली आहे. पाऊस पडला म्हणजे त्या खांचांतून पाणी ओघळतें, आणि दगड रडत आहे असें पाहणाराला वाटतें. खालच्या आंतल्या कड्यावर दास्याचा सालवार इतिहास कोरला असून त्यावरून पाणी वाहत असतें. मध्यें हिरवळ आहे. तेथें बसावें, सभा भरवावी, मुलांना इतिहास शिकवावा. एक वाट ध्रुवताऱ्याच्या दिशेला धरून आंखली आहे, कारण पळून जाणारे दास रात्रीं त्याच ताऱ्यावर नजर ठेवून उत्तरेकडे चालत. दुसरी वाट ३ मार्चच्या सूर्यास्ताची दिशा दाखविते, कारण १८६५ सालीं त्या तारखेला उत्तरेकडील सैन्य शार्लट्सव्हिलांत शिरलें. २०१९ सालीं त्या गांवच्या नगरपालिकेनें जेफर्सन यांच्या जन्मदिवसाची सुटी रद्द करून ३ मार्चला मुक्तिदिनाची सुटी सुरू केली, हेंहि येथें नमूद करण्यासारखें आहे.

कड्याच्या बाहेरच्या खडबडीत अंगावर दोन डोळे कोरले आहेत. ऊन तिरपें असलें म्हणजे ते दिसतात, ऊन डोक्यावर आलें म्हणजे लपतात. हे डोळे इझाबेला गिबन्स या बाईचे आहेत. आम्ही पडलों खेड्यांतले शाळामास्तर, तेव्हां या बाईची हकीकत सांगितल्याशिवाय आमच्यानें पुढें जाववत नाहीं. ही एका प्राध्यापकाच्या घरीं दास म्हणून स्वयंपाक करी. तिचा नवरा विल्यम दुसऱ्या प्राध्यापकाच्या मालकीचा, म्हणजे नवराबायकोचाहि संसार दोन मालकांच्या मर्जीवर. अशा स्थितींत ती लिहावाचावयास शिकली, आणि आपल्या मुलांनाहि चोरून शिकविलें. मालकाच्या घरांत पुस्तकांचीं कपाटें भरलेलीं, आणि स्वयंपाकघरांत आई लेकीला दबल्या आवाजांत अक्षरें घोकविते आहे! १८६५ नंतर तीच बाई मुक्त झालेल्या लोकांच्या शाळेंत शिक्षिका झाली व पुढें कित्येक वर्षें त्याच गांवांत शिकवीत राहिली. १८६७ सालीं तिनें एका पत्रांत लिहिलें कीं चाबूक, लिलावाचा ओटा, आईपासून तोडलेलीं मुलें यांचा आम्हांस विसर पडूं शकेल काय. आणि पडला नाहीं व पडणारहि नाहीं, असें उत्तरहि तिनेंच दिलें. हे तिचे शब्द आज स्मारकावर आहेत. विद्यापीठाचे डझनावारी पंडित त्या काळीं पुस्तकें लिहून गेले. पण त्या आवारांत आज पाहणाराकडे कोणाचे डोळे रोखलेले आहेत, तर चोरून शिकलेल्या स्वयंपाकिणीचे. आमच्या सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींना शिकविण्यास आरंभ केला, तेव्हां सातासमुद्रापलीकडे तिची ही समकालीन भगिनी दास्यांत होती. दोघींची भेट नाहीं, भाषा एक नाहीं. पण अक्षर हेंच मुक्तीचें पहिलें हत्यार, हा दोघींचाहि निवाडा एकच आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग दगड बसविला म्हणजे न्याय झाला. तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. दगड मुका असतो. त्याच्याकडून काय बोलवावयाचें हें बसविणाराचा हात ठरवितो. त्याच शार्लट्सव्हिल गांवांत १९२४ सालीं दास्याच्या बाजूनें लढलेल्या जनरल ली यांचा अश्वारूढ पुतळा बसविला होता. यादवी संपून साठ वर्षें लोटल्यावर तो बसविण्यांत काळ्या लोकांना तुमची पायरी कोणती हें दाखविण्याखेरीज दुसरें काय होतें? तो हलवावयाचा ठरला, तेव्हां २०१७ च्या ऑगस्टांत गोऱ्या वर्चस्ववाद्यांनीं रात्रीं मशाली घेऊन विद्यापीठाच्या आवारांतून मिरवणूक काढली, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्यापैकीं एकानें विरोधकांच्या जमावांत मोटार घालून एका तरुण स्त्रीचा जीव घेतला. २०२१ सालीं पुतळा काढला व २०२३ सालीं वितळविला. यावरून एवढें दिसतें कीं, पुतळे व स्मारकें हीं शोभेचीं बाहुलीं नव्हेत. त्यांच्यासाठीं माणसें मारलीं जातात.

चांगल्या हेतूनें बसविलेला दगडहि फसूं शकतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील आवारांत २००५ सालीं दासांचें एक स्मारक झालें. काळ्या दगडाचें वाटोळें मेज, आणि तें वर उचलून धरलेले कांशाचे तीनशें लहान लहान मनुष्याकार. भोंवतीं बसण्यास दगडी बैठका. कल्पना नामांकित कलावंताची व पैसा विद्यार्थ्यांनीं दिलेला. परंतु लोक त्या मेजाभोंवतीं बसूं लागले, त्यावर फराळ करूं लागले, आणि खालच्या माणसांना त्यांचे पाय लागूं लागले. टीकाकार म्हणाले, दोनशें वर्षें ज्यांनीं ओझें वाहिलें त्यांच्या डोक्यावर स्मारकांतहि ओझेंच काय? शिवाय त्यापासून थोड्याच अंतरावर १९१३ सालीं बसविलेला दक्षिणेकडील शिपायाचा पुतळा उंच चौथऱ्यावर उभा होता. त्याच्या उद्घाटनाच्या भाषणांत एका वक्त्यानें आपण जवळच एका काळ्या बाईला कसें चाबकानें फोडलें याची फुशारकी मारली होती. म्हणजे मालकाचा शिपाई आभाळाला टेकलेला आणि दास गुडघ्याएवढे! २०१८ सालीं लोकांनीं तो शिपाई दोऱ्या लावून पाडला. विद्यापीठ वेळेवर शहाणें झालें असतें तर दोऱ्यांची गरज पडली नसती.

उलट दगडावांचूनहि भरपाईचा आरंभ होऊं शकतो. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठ १८३८ सालीं कर्जांत बुडालें होतें. तें वांचविण्यासाठीं तें चालविणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनीं आपल्या मालकीचीं २७२ माणसें दूर लुइझियानांतील मळेवाल्यांना विकलीं. विक्रीची यादी शिल्लक राहिली. २०१७ सालीं विद्यापीठानें वंशजांसमोर क्षमा मागितली, आणि त्या विक्रीच्या धन्याचें नांव एका इमारतीला होतें तें काढून यादींतलें पहिलें नांव, आयझॅक हॉकिन्स, तिला दिलें. २०१९ सालीं तेथील विद्यार्थ्यांनीं मतदान घेऊन असें ठरविलें कीं, दर सहामाहीस प्रत्येक विद्यार्थ्यानें वंशजांच्या भल्यासाठीं २७ डॉलर २० सेंट द्यावे. २७२ माणसें, म्हणून २७.२०. दोनतृतीयांश विद्यार्थ्यांनीं त्यास होकार दिला. चालकांनीं ती फी जशीच्या तशी लावली नाहीं. त्याऐवजीं देणग्यांतून वर्षाला चार लाख डॉलरांचा निधि उभारण्याचें ठरविलें. विद्यार्थ्यांना तें पुरतें रुचलें नाहीं, आणि आम्हांसहि त्यांचें म्हणणें बरोबर वाटतें. देणगी ही देणाराच्या मर्जीची असते. देणें हें मर्जीचें नसतें. ज्याला आपण कर्ज म्हणून कबूल करतों तें धर्मादाय म्हणून फेडावयाचें, यांत कर्जदाराचा मोठेपणा होतो आणि धनको भिकारी ठरतो. त्या पोरांना हा भेद कळला होता.

या सर्व हकीकतींतून आमचें मत जें बनलें तें थोडक्यांत असें. स्मारक हा कर्जरोखा आहे; फेड नव्हे. रोख्याशिवाय वसूल होत नाहीं, म्हणून रोखा पाहिजेच. जोंपर्यंत देणें लिहिलेलें नाहीं, तोंपर्यंत ज्याचें घ्यावयाचें आहे तो उगाच तक्रार करणारा ठरतो आणि ज्याचें द्यावयाचें आहे तो दाता म्हणून मिरवितो. दगडावर नांव कोरलें कीं संस्थेला पुढें ना म्हणतां येत नाहीं. येणारी प्रत्येक पिढी तो रोखा वाचते. परंतु रोखा खरा कीं खोटा हें पारखण्याच्या खुणा आहेत. त्यांत नांवें आहेत काय, कीं नुसतीं गोड विशेषणें आहेत? तो लिहितांना धनको हजर होता काय, कीं कुळाच्या गैरहजेरींत सावकारानें एकट्यानें वही भरावी तसा तो भरला? जें सांपडलें नाहीं त्याची जागा मोकळी ठेवून तशी कबुली दिली आहे काय? आणि शेवटची व मुख्य खूण, रोखा लिहिल्यावर हप्ता सुरू झाला काय?

या शेवटच्या खुणेवर व्हर्जिनियाची परीक्षा अजून चालू आहे. २०२१ सालीं त्या राज्याच्या विधिमंडळानें कायदा केला कीं, व्हर्जिनिया विद्यापीठ धरून पांच जुन्या संस्थांनीं आपल्या येथें राबलेल्या दासांचीं नांवें शोधावीं, त्यांचें स्मरण करावें, आणि त्यांच्या वंशजांसाठीं शिष्यवृत्त्या किंवा त्यांच्या वस्त्यांच्या उत्कर्षाचे उपक्रम चालवावे. ही गोष्ट आम्ही स्मारकापेक्षांहि मोठी समजतों, कारण तींत दगडाचा हात धरून पैसा व विद्या पुढें आली आहे. शब्द चांगले आहेत. पण ज्या दारांत सव्वाशें वर्षें मज्जाव होता, त्या दारांतून त्या वंशांचीं मुलें किती जातात आणि पदवी घेऊन किती बाहेर पडतात, यावरच कायद्याची किंमत ठरेल. खांचा कोरून झाल्या. आतां हजेरीपटावर नांवें दिसलीं पाहिजेत.

कोणी आक्षेप घेतात कीं, जुनीं थडगीं उकरल्यानें आजच्या विद्यार्थ्यांत वैर वाढतें. आमचा अनुभव उलट आहे. वैर वाढतें तें न बोललेल्या गोष्टीनें. वर्गांत एका मुलानें दुसऱ्याची पाटी फोडली आणि मास्तरानें ती गोष्ट दाबली, तर तीं दोन मुलें वर्षभर एकमेकांकडे पाहत नाहींत. कबुली झाली आणि नवी पाटी आली, कीं संध्याकाळीं दोघें एकत्र खेळतात. आजच्या गोऱ्या मुलाला कोणी गुन्हेगार म्हणत नाहीं. त्याला एवढेंच सांगितलें जातें कीं, ज्या सावलींत तूं शिकतोस ती सावली कोणी उभी केली हें जाणून घे, आणि त्यांच्या लेंकरांना शेजारीं जागा दे. यांत ज्याला अपमान वाटतो, त्याचें शिक्षण अपुरें आहे असेंच म्हटलें पाहिजे.

आपल्याकडेहि पुण्यांत भिडे वाड्याच्या जागीं, जेथें जोतीराव व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं मुलींची शाळा उघडली, तेथें स्मारक व्हावें म्हणून वर्षानुवर्षें झगडा झाला, आणि डिसेंबर २०२३ मध्यें जुना वाडा उतरवून जागा मोकळी करण्यांत आली. तें स्मारक अवश्य व्हावें. पण वर सांगितलेल्या खुणा त्यासहि लावाव्या, अशी आमची वाचकांस सूचना आहे. तेथें फुलांचे हार पडतील, भाषणें होतील. पण खेड्यापाड्यांतली मुलगी सातवीनंतर शाळा सोडून शेतावर जात असेल, तर तो रोखा थकला असें समजावें आणि मागणीची नोटीस लावावी.

शार्लट्सव्हिलच्या त्या भिंतीवर तीन हजारांवर खांचा अजून रिकाम्या आहेत. एकेक कागद उलटून कोणी संशोधक, कोणी वंशज त्यांतल्या एकेकीचें नांव शोधीत असतो. हें काम कंटाळवाणें आहे, त्याची वर्तमानपत्रांत वाहवा होत नाहीं. तरी आमच्या मतें सर्व स्मारकांत खरें स्मारक तेंच. ज्याच्या घामावर आपण शिकलों त्याचें नांव माहीत करून घेणें, तें मोठ्यानें उच्चारणें, आणि त्याच्या नातवाला आपल्या बांकावर जागा करून देणें, या तीन गोष्टी जें विद्यापीठ करील तेंच विद्यापीठ. बाकीच्या नुसत्या इमारती.